खोली नंबर नऊ

गेल्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या खाजगी मुलींच्या वसतिगृहाची साफसफाई निघाली आणि कपाटभर रजिस्टरं किलोच्या भावानं पस्तीत गेली. मला कळलं तोवर टेम्पो निघूनही गेला होता. अजून ते मनातून जात नाही.

माझी आत्याआजी त्याच वसतिगृहात राहायची. १९५३ साली ती बडोद्याला होमसायन्स शिकायला आली. फॅकल्टी सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. तिच्या ट्रंकेत मला मेसच्या हिशेबाची वही सापडली. मुली आळीपाळीनं हिशेब लिहायच्या, म्हणून दर महिन्याला अक्षर बदलतं. कुणाची पाहुणी जेवली, तूप कधी संपलं, सगळं आहे. एका पानावर मराठी मुलींची तक्रार आहे की डाळ फार गोड होते, दोन दिवस तरी गूळ घालू नये. खाली गुजराती अक्षरात एकच शब्द : मंजूर.

आणि पुढे एका ओळीत, खोली नंबर नऊ, जेवण बंद, घरी गेली. नाव नाही.

विद्यापीठाच्या निकालात पास झालेल्या मुली सापडतात. मधूनच शिक्षण सुटलेली मुलगी कुठे सापडणार? वसतिगृहाच्या रजिस्टरात, मेसच्या वहीत, घरी लिहिलेल्या पत्रात. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व मानव' असा शब्द हंसाबेननी आग्रहानं घालायला लावला, हे पुस्तकांत आहे आणि ते असायलाच हवं. पण त्यांच्या काळात इथं शिकायला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी कशा राहत होत्या, ते कुठल्या पुस्तकात वाचायचं?

आनंदीबाई जोशींचंच घ्या. फिलाडेल्फियाचं त्यांचं महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघालं. १९७० मध्ये तिथं मुलांनाही प्रवेश मिळू लागला, नावातून 'महिला' गेलं, पुढे ते ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळून गेलं. कॉलेज उरलं नाही, कागद मात्र उरले. १८८३ मधलं आनंदीबाईंचं प्रवेशासाठीचं पत्र आजही वाचता येतं. अठरा वर्षांची मुलगी लिहिते की मित्रमंडळी आणि जातवाले सगळ्यांचा विरोध असताना मी इथवर आले आहे. त्यांचा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा तो फोटोही आहे, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबतचा, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. (तिकडच्या थंडीत त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली होती, हे वाचलं तेव्हा मला त्या एकदम आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाटल्या.)

तिथल्या कुणीही विद्यार्थिनींचे कागद म्हणजे किरकोळ कागद, असं ठरवलं नाही. आपल्याकडे गायकवाडी दप्तरातले निवडक कागद छापून त्यांचे खंड निघाले, आणि मुलींच्या वसतिगृहाची रजिस्टरं वजनावर जातात. हे मला मान्य नाही.

एका काकूंचा आक्षेप रास्त होता. त्या रजिस्टरांत कोण उशिरा आली, कुणाला भेटायला कोण आलं, हेही असतं. ते का उघडं पाडायचं? मग पन्नास वर्षं कुलपात ठेवा. नावं झाका. कुलूप उघडता येतं, लगदा झालेला कागद परत येत नाही.

बडोदेकरांनो, घरात आई-आजीची ट्रंक असेल तर आधी ती उघडून बघा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फोटोंमागे पेन्सिलीनं नावं लिहून घ्या, ओळखणारी माणसं आहेत तोवर.

आत्याआजी आता नव्वदीत आहे. १९५४ च्या वसतिगृहाच्या ग्रुप फोटोत अकरा जणी आहेत, दहांची नावं तिनं सांगितली. अकरावी दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला, दोन वेण्या, हातात वही. "ही नऊ नंबरची," एवढंच म्हणाली, नाव काही आठवेना. हा फोटो कुणाच्या घरी असेल तर मला मेसेज करा.