परातीचं मायलेज

चाकं सपाट झाकली की गाडीला हवा कमी नडते. हे माझं म्हणणं नाही. अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम करायला येणारे चाकांवर ॲल्युमिनियमच्या सपाट तबकड्या ठोकतात. पेट्रोल वाचवणारे तिकडचे हौशी लोक तर पिझ्झाची ताटं लावतात. मग परातीनेच काय घोडं मारलंय?

तुळशीबागेत 13 इंची रिमवर बसतील अशा चार पराती घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "मुंज का?" मी "हो" म्हणालो. पुण्यात खरं कारण सांगितलं की सल्ले सुरू होतात.

परात मिळते हो, पण ती चाकाला धरून कशी राहणार? आधी डबल टेप लावली. दुपारच्या उन्हात, गाडी जागची हललेली नसताना, चारही पराती एकेक करून अदबीने खाली उतरल्या. वॉचमन विचारायला आला, पूजा कोणाकडे आहे.

मग बोहरी आळीतून केबल टाय आणले. परातीला भोकं पाडायची, टाय रिमच्या भोकातून आत सारायचा आणि शेजारच्या भोकातून बाहेर ओढायचा. बोलायला सोपं. चाकामागे हात कसाबसा जातो, पण बोटं वळत नाहीत, कारण तिथे ब्रेकचं कॅलिपर ठाण मांडून बसलेलं असतं. आपण जमिनीवर आडवे, गाल टायरला टेकलेला, आणि नेमके तेव्हाच सोसायटीतले काका उगवतात.

"पंक्चर का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला त्या अवस्थेत उत्तर नसतं.

पंपावरचा पोरगा वेगळाच. व्हॉल्व्हसाठी मी खास भोक ठेवलं होतं, पण हवेच्या पाइपाचं तोंड त्यात जाईना. त्याने परात बोटाने वाजवून पाहिली आणि मागच्या गाडीला पुढे बोलावलं.

शिवाय यात एक शास्त्रीय खोडी आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे परातीचा फायदा जोरात पळवलं तरच. पण फिरत्या चाकावरची वस्तू बाहेर भिरकावणारा जोरही वर्गानेच वाढतो. ताशी 60 ला चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं. त्यात ब्रेक तापलेले, आणि साधा नायलॉनचा टाय 85 अंशांपर्यंतच्याच कामाचा. संध्याकाळी कर्वे रोडवर यातलं काहीच लागू होत नाही. तिथे हवाही उभी असते, मीही उभा असतो.

म्हणून हौसेने गाडी बायपासला काढली. चांदणी चौकाचा उतार लागला आणि पुढून टकटक सुरू झाली. मी ब्रेक मारला. परातीने मारला नाही. ती डावीकडून ओव्हरटेक करून, लखलखत, सरळ सर्व्हिस रोडला लागली.

"अहो, गेली बघा तुमची मुंज," बायको म्हणाली.

खाली जाईपर्यंत ती एका पोह्यांच्या गाड्यावर विसावली होती आणि तिच्यात कांदा चिरून पडला होता. पोहेवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाकांकडे.

"मालक, उरलेल्या तीन कितीला द्याल?"