टॅटरशॉलच्या फोटोखालचा मजकूर

एकच मेसेज गेल्या काही दिवसांत तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. शेवटी काकांनीही तो पाठवला आणि खाली विचारलं, “तू तिकडे राहून आलास ना? खरं आहे का हे?” काका, तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसलो. उत्तर जरा लांबलंय.

मेसेजमध्ये लाल विटांच्या एका उंच किल्ल्याचा फोटो आहे. खालचा मजकूर असा: “इंग्रजांकडून एवढं तरी शिका. तिथल्या कुठल्याही खेड्यात जा, पाचशे वर्षांच्या वास्तू जशाच्या तशा उभ्या आहेत. इतिहासाची कदर त्यांच्या रक्तातच आहे. जुन्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागते. दुरुस्तीचा सगळा खर्च सरकार करतं. आणि आपल्याकडे? ना कायदा, ना कदर.”

फोटोतला किल्ला मी ओळखला. लिंकनशर परगण्यातलं टॅटरशॉल. नॉटिंगहॅमला नोकरीला होतो तेव्हा दोनदा जाऊन आलो होतो. खेडं लहानसंच. एक किल्ला, त्याच्या शेजारी गावाच्या मानाने अवाढव्य चर्च, बाजाराच्या चौकात एक दगडी क्रॉस, आणि जुन्या महाविद्यालयाच्या, म्हणजे चर्चच्या सेवेतल्या पाद्री-गायकांच्या संस्थेच्या, छप्पर नसलेल्या भिंती. तिथे ‘पॅरिश’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक आपल्या ग्रामपंचायतीसारखा कारभार, दुसरा चर्चचा. खर्च कोण करतं हे समजायला हा फरक लागेल. आता मेसेजमधली वाक्यं एकेक घेतो.

“जशाच्या तशा उभ्या आहेत.” नाहीत. टॅटरशॉलचा हा मनोरा राल्फ क्रॉमवेल नावाच्या सरदाराने १४३० आणि १४४० च्या दशकांत बांधून घेतला. हा इंग्लंडच्या राजाचा खजिनदार. राजाचं डोकं उडवणारा तो प्रसिद्ध क्रॉमवेल दोनशे वर्षांनंतरचा. पुढे मालक बदलत गेले, किल्ल्यात राहणारं कुणी उरलं नाही, खंदक बुजले, आणि या राजेशाही मनोऱ्यात गुरं बांधली जाऊ लागली. चर्चची गत तर मला जास्त लागली. क्रॉमवेलने सुरू केलेल्या त्या बांधकामात मध्ययुगीन रंगीत काचांच्या खिडक्या होत्या. १८व्या शतकाच्या मध्यात त्यातल्या बऱ्याच काचा काढून स्टॅमफर्ड गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये नेऊन बसवल्या. म्हणून आज आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. एवढं मोठं चर्च आणि चारी बाजूंनी पांढरा स्वच्छ उजेड. आधी मला वाटलं, काय सुंदर योजना आहे! ती योजना नव्हतीच. रंगीत काचा गेल्या, म्हणून हा उजेड आला. उरलेसुरले तुकडे गोळा करून पूर्वेच्या एका खिडकीत बसवलेत. तिथे उभं राहिलं की इथे काय होतं आणि काय गेलं ते दोन्ही दिसतं. आणि महाविद्यालय? जॉन टॅव्हर्नर हा त्या काळचा थोर संगीतकार १५२० च्या दशकात तिथे होता. १५४५ मध्ये राजाने ते बंद केलं. आज उरल्यात भिंती.

“इतिहासाची कदर त्यांच्या रक्तातच आहे.” काका, मला सगळ्यात जास्त या वाक्याबद्दल बोलायचंय. कारण ज्या किल्ल्याचा फोटो लावलाय, त्याचीच गोष्ट हे वाक्य खोटं ठरवते.

किल्ल्यात चार मोठ्या दगडी शेकोट्या आहेत, भिंतीत बांधलेल्या. माणूस सहज आत उभा राहील एवढ्या. त्यांच्यावर ओळीने सरदारांच्या ढाली कोरल्यात आणि मधूनमधून पैशाची एक थैली, तोंडाशी दोरी आवळलेली. ती खजिनदाराच्या पदाची खूण. थैलीच्या चुण्यासुद्धा दगडात उमटल्यात, इतकं ते काम नाजूक आहे. १९१० मध्ये किल्ला विकला गेला, आणि नव्या मालकांनी या शेकोट्या भिंतीतून उखडून अमेरिकेला पाठवायची तयारी केली. किल्लाही सुटा करून परदेशी नेणार अशी भीती लोकांना वाटत होती. यात बेकायदा काहीच नव्हतं. मालकाची वस्तू, मालकाची मर्जी. तिथे १८८२ पासून प्राचीन स्मारकांचा कायदा होता, पण त्याच्या यादीत मुख्यतः इतिहासपूर्व काळातले दगड आणि टेकाडं होती, आणि मालकाची इच्छा असेल तरच सरकारला काही करता येई. मालक नाही म्हणाला की विषय संपला.

१९११ मध्ये शेवटच्या घटकेला एका माणसाने हा किल्ला विकत घेतला. त्याचं नाव लॉर्ड कर्झन. हो, तोच, वंगभंगवाला व्हाइसरॉय. लंडनमध्ये पडून असलेल्या शेकोट्या त्याने शोधून काढल्या, १९१२ मध्ये परत आणून जागच्या जागी बसवल्या, खंदक पुन्हा खोदून घेतले, आणि मरताना, १९२५ मध्ये, किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकला. मनोऱ्यात त्या शेकोटीसमोर उभा असताना मला फार विचित्र वाटलं. ज्याच्याविरुद्ध आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने स्वदेशीची शपथ घेतली, त्याच माणसामुळे मी ती कोरीव थैली पाहू शकत होतो. वंगभंगाचा राग त्यामुळे कमी होत नाही, आणि तो कमी व्हावा असं माझं म्हणणंही नाही. पण घडलं ते असं.

शिवाय याच कर्झनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. त्यात स्मारक वाचवण्यासाठी सक्तीने जागा संपादन करण्याची सोय होती. म्हणजे इथल्या मालकावर जी सक्ती करता येत होती, ती तिथल्या जमीनदारावर करायला ब्रिटिश संसद तयार नव्हती. टॅटरशॉलच्या प्रकरणानंतर, १९१३ मध्ये, तिथे दात असलेला कायदा झाला. तोही राहती घरं आणि चालू चर्चं वगळून! जपायच्या घरांच्या याद्या करायचं ठरलं ते दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून जुनी शहरं जमीनदोस्त झाल्यावर, १९४४ आणि १९४७ च्या कायद्यांनी. यादीतल्या इमारतीला हात लावण्याआधी रीतसर परवानगी घ्यायची, हा नियम १९६८ चा. ऑगस्ट १९८० मध्ये लंडनच्या पश्चिमेला फायरस्टोन या टायर कंपनीचा देखणा कारखाना सुट्टीचे दिवस साधून पाडला गेला, कारण तो लवकरच यादीत जाणार होता. त्या धक्क्याने सरकारने गावोगाव माणसं पाठवून याद्या नव्याने करून घेतल्या. खेड्यांतल्या कितीतरी गोठ्या-कोठारांचं संरक्षण या १९८० च्या दशकातल्या पायपिटीतून आलंय.

रक्तात असतं तर एवढे कायदे कशाला लागले असते? दर वेळी आधी काहीतरी गेलं, मग लोक भांडले, मग कायदा झाला.

“खिळा ठोकायलाही परवानगी लागते.” खिळ्याला लागत नाही. वास्तूचं वैशिष्ट्य ज्याने बदलेल अशा कामाला लागते. लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवायची, आतली भिंत पाडायची, शेकोटी उखडायची, तर हो, परवानगी हवी, कारण संरक्षण बाहेरच्या तोंडापुरतं नसून आतल्या भागालाही असतं. न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कौलं फुटली म्हणून तशीच कौलं घातली, दारं रंगवली, विटांमधल्या दरजा उकलल्या म्हणून मूळच्या पद्धतीने भरल्या, तर साधारणपणे कुणी अडवत नाही.

दरजांचं मुद्दाम सांगतो, कारण हे आपल्या वाड्यांनाही लागू आहे. जुन्या विटा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, बाहेर पडायला वीटच शोधते, आणि काही वर्षांत विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. म्हणून तिथला अधिकारी विचारतो, चुना वापरणार की सिमेंट? त्याला छळ म्हणता येत नाही. घर वाचवण्यासाठीच तो प्रश्न असतो.

यादीत श्रेणीही असतात. पहिल्या श्रेणीत जेमतेम अडीच टक्के, टॅटरशॉलचा किल्ला आणि चर्च त्यातच. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती शेवटच्या श्रेणीत. यादीतल्या एकूण नोंदी चार लाखांच्या घरात, आणि त्यांत मैलाचे दगड, पाण्याचे हातपंप, थडगी आणि लाल टेलिफोन बूथसुद्धा आहेत. कुठली इमारत यादीत घ्यायची हे गावची पॅरिश कौन्सिल ठरवत नाही. तो अधिकार मंत्र्याचा, सल्ला ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी वारसा संस्थेचा.

“दुरुस्तीचा सगळा खर्च सरकार करतं.” यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण जे लोक हा खर्च उचलतात त्यांना मी पाहिलंय.

खर्च मालक करतो. यादीत नाव आलं म्हणून सरकार पैसे पाठवत नाही. अनुदानं असतात, पण थोडी, आणि त्यांसाठी रांग मोठी. २०१२ पर्यंत यादीतल्या राहत्या घरांत आणि धर्मादाय इमारतींत मंजुरी घेऊन केलेल्या फेरफारांवर व्हॅट लागत नसे. ती सवलत गेली. आता वीस टक्के. दुरुस्तीवर तो आधीपासूनच होता. प्रार्थनास्थळांना हा व्हॅट परत मिळवून देणारी योजना होती. २०२५ पासून तिच्यावरही एका वास्तूला वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा घातली गेली. मोठ्या छताच्या कामात ती मर्यादा कुठल्या कुठे ओलांडली जायची.

चर्चचं तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६,००० चर्चं आहेत, त्यांतली १२,००० हून अधिक संरक्षित. ती चालवतात गावातले भाविक, म्हणजे चर्चवाली पॅरिश, आणि अनेक खेड्यांत रविवारी येणारी माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजावीत एवढीच. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची, १९५५ पासूनचा नियम. तज्ज्ञ यादी देतो: छताचं शिसं, पन्हाळी, दगडांतल्या भेगा. पैसे गोळा करायचे केक विकून, जुन्या पुस्तकांची विक्री लावून, देणगीदारांना पत्रं लिहून. छतावरचं शिसं चोर रातोरात उपसून नेतात, हा खेड्यातल्या चर्चांचा नेहमीचा घोर. आणि काम करायचं तर यादीतल्या इमारतींच्या नेहमीच्या परवानगीऐवजी धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ नावाची वेगळी परवानगी.

टॅटरशॉलच्या चर्चमध्ये शेकडो वटवाघळं राहतात. त्यांनाही कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, हाकलता येत नाही. मी गेलो तेव्हा बाकांवर आणि वस्तूंवर कापडं पसरलेली होती आणि एक आजीबाई, सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, हातात ब्रश आणि सुपली घेऊन लेंड्या झाडत होत्या. मी विचारलं, रोज करता? म्हणाल्या, उन्हाळ्यात रोजच करावं लागतं, नाहीतर पितळेवर आणि दगडावर डाग पडतात. पगार? नाही. गावातल्याच, पाळी लावून येतात. ‘सगळा खर्च सरकार करतं’ हे वाक्य वाचलं आणि मला ती सुपली आठवली.

एवढं करूनही सगळं वाचत नाही. धोक्यात आलेल्या वास्तूंची वार्षिक यादी हिस्टॉरिक इंग्लंडच काढतं. तीत सुमारे ४,९०० नोंदी आहेत, आणि त्यांत नऊशेहून अधिक प्रार्थनास्थळं.

“आपल्याकडे ना कायदा, ना कदर.” कायदा तर आहेच, आणि १९०४ पासून आहे. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा कायदा आला, १९६० चा महाराष्ट्राचा. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, हे २०१० पासून थेट कायद्यातच आहे. कागदावर हा नियम इंग्लंडपेक्षा कडक आहे, तिथे असं सरसकट अंतर नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आहे, टॅटरशॉलला लागते तशाच पद्धतीची.

उणीव आहे ती खेड्यांत. गावोगाव माणसं पाठवून तिथे केली तशी यादी आपल्या गावांची झालेली नाही. बारव, वेस, धर्मशाळा, वीरगळ, नदीकाठचा घाट, कितीतरी गोष्टी कुठल्याच कागदावर नाहीत. त्यामुळे त्या पाडणाऱ्यालाही आपण काही पाडतोय असं वाटत नाही.

कदर नाही, हे मात्र मला मान्य नाही. काका, आपल्या गावच्या देवळाला जत्रेआधी लोकांनी वर्गणी काढून ऑइलपेंट दिला, खांबांवरची नक्षी त्यात बुजली. ते करणाऱ्यांच्या मनात कदरच होती. ऑइलपेंटने दगडाची ओल कोंडते, हे त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं. रंग उतरवता येतो, पण तो जाणकाराकडूनच, हळूहळू. वाळूचा मारा करून रंग काढणाऱ्या सँडब्लास्टिंगवाल्याला बोलावू नका, नक्षी झडेल.

दिवाळीला गावी जाल तेव्हा खांबांचे, द्वारपट्टीचे आणि बारवेजवळच्या दोन्ही वीरगळांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. सरपंचांशी बोलून ग्रामसभेचा ठराव करून घ्या. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवतो.