मूत्रपिंडं काय, दोन आहेत!

देवाने मूत्रपिंडं दोन दिली, म्हणजे एक वापरायला आणि एक उधळायला, हे तुम्हा कोकणातल्या माणसांना मी काय सांगणार? दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी सोडून बाकीचा परत रक्तात घेतात. एवढं राबून जो गडी कुरकुरत नाही, त्याच्यावर आणखी काम टाकायचं, ही आपली जुनी रीत.

सुरुवात न्याहारीपासून करा. उकड्या तांदळाची पेज, तीत मीठ, सोबत निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. भाजताना त्याच्या अंगावरचे मिठाचे खडे तडतडतात, ते झटकायचे नाहीत. वर लोणच्याची फोड. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. जिनिव्हातल्या माणसांना खारा बांगडा कुठे ठाऊक! रक्तदाब चढलाच तर गोळी मिळते. ती महिनाभर घ्या आणि डोकं दुखायचं थांबलं की बंद करा. साखरेचंही तसंच. मूत्रपिंडं निकामी होण्याची ही सगळ्यात मोठी दोन कारणं असतील, पण दुखत नाही त्याला आजार कसं म्हणायचं?

पाणी कमी प्या. बायकांनी तर मुंबईच्या एसटीत बसायचं असेल तर आदल्या रात्रीपासूनच तोडावं. (यात त्यांना हसणाऱ्याने वाटेतल्या थांब्यावरच्या मुतारीत एकदा जाऊन यावं.)

लावणीत कंबर धरली की दुखण्याची गोळी. आमच्या वाडीतल्या एक काकू डायक्लोफेनॅकची पट्टी पानाच्या डब्यात, चुना आणि कात यांच्या मधोमध ठेवतात. पान लावताना एक तोंडात. मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त या गोळ्यांनी कमी होतं, अंगात पाणी कमी असलं तर जास्तच, असं मी एकदा म्हणून बघितलं. "माका काय धाड भरली हा?" म्हणाल्या, आणि मलाच एक पुढे केली.

पायाला चीर असली तरी चिखलात अनवाणीच उतरा. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप थेट मूत्रपिंडं गाठतो, तो होऊ नये म्हणून आरोग्यसेविका डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घरपोच देऊन जाते, आणि त्या गणपतीच्या फोटोमागे जपून ठेवायच्या असतात. शिवाय मोबाईलवर कोणीतरी सांगेल की बिंबलांचा रस पेलाभर प्यायला की कोलेस्टेरॉल उतरतं. आमटीतल्या दोन-चार बिंबलांनी कोणाचं काही बिघडत नाही. पेलाभर रसातलं ऑक्झलेट मात्र धडधाकट माणसाचीही मूत्रपिंडं बसवू शकतं. उपाय गावठी आहे, म्हणजे उत्तमच.

तपासणी? छे. मूत्रपिंडाचं निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन बहुधा साळसूदपणे ठीकच येतं. त्याआधी लघवीतून जाणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन चुगली करतं, पण त्यासाठी लघवीची डबी प्रयोगशाळेतल्या मुलीच्या हातात द्यावी लागते, आणि ती मुलगी निघते आपल्या भावकीतली. त्यापेक्षा मेलेलं बरं.

एवढं सगळं नीट पाळलंत तर डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास, पहाटेच्या रिक्षाने तालुक्याला. शेजारचे तात्या जातात. पाट त्यांच्या पडवीला लागून वाहतो आणि त्यांचं दिवसाचं पाणी बाटलीवर रेघ मारून मिळतं. शहाळं तर पोटॅशियममुळे वर्ज्यच. परवा पाडेली माडावरून उतरला आणि सवयीने एक शहाळं त्यांच्यापुढे ठेवून गेला. तात्यांनी ते उचललं, कानाशी नेऊन हलवलं, आतलं पाणी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे दिलं.