मुठीत काही नव्हतं

आज एका ओळखीच्या घरी भेटायला गेले होते. तिथले आजोबा पहाटे गेले. आईही सोबत होती. आम्ही बसलो न बसलो तोच एक बाई खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हात बघितलात का? मूठ उघडतच नव्हती. काहीतरी मनात राहिलं हो त्यांच्या."

शेजारी आईने हातातला रुमाल घट्ट आवळला. आणि मी गप्प बसले. बावीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवणारी मी, तोंडातून अवाक्षर नाही. घरी येऊन तास झाला तरी डोकं तडतडतंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, कंटाळा येत असेल त्यांनी पुढे सरकावं.

माझे बाबा अकरा वर्षांपूर्वी झोपेत गेले. सकाळी आई उठवायला गेली तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत पांघरुणाचा कोपरा होता, आणि तो काही केल्या सुटेना. नंतर आत्या आली, तिने हात पाहिला आणि रडत रडत म्हणाली, "दादाला काहीतरी सांगायचं होतं गं." झालं! त्या एका वाक्याने आईची अकरा वर्षं खाल्ली. काय सांगायचं होतं? कुणाचे पैसे द्यायचे होते? माझ्यावर रागावून तर झोपले नव्हते ना? मध्यरात्री उठून विचारायची.

आता जरा उजव्या हाताची मूठ वळा आणि डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपा. काहीतरी सरकतंय, फुगतंय ना? बोटांत स्नायू नसतातच. ओढणारे बसलेत तिथे वर, थोडे तळहातात. बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या, कंडरा. आणि ते फक्त ओढू शकतात, ढकलणं कुठल्याच स्नायूला जमत नाही. म्हणून मूठ वळणारे वेगळे आणि उघडणारे वेगळे.

त्या स्नायूत केसासारखे बारीक तंतू असतात. एक तंतू म्हणजे एक पेशी, पण साधीसुधी नाही. अनेक पेशी एकमेकींत विरघळून ती झालेली असते, म्हणून एकाच पेशीत शेकडो केंद्रकं, आणि लांबी कधी कधी कित्येक सेंटिमीटर. तिच्या आत आणखी बारीक दोरे, आणि प्रत्येक दोऱ्यावर एकाला एक लागून खण. खणाचं नाव सार्कोमिअर. एका सेंटिमीटरमध्ये असे चार हजारांच्या वर खण. (हा आकडा सांगितला की वर्गात शेवटच्या बाकावरचाही मान वर करतो.)

खणात काय आहे हे समजायला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. एका हाताची बोटं म्हणजे मायोसिनचे जाड तंतू, दुसऱ्याची अ‍ॅक्टिनचे पातळ. आता हात जवळ आणा. बोटं आखूड झाली? नाही, एकमेकांवरून सरकली. स्नायू आकुंचन पावतो म्हणजे एवढंच. आख्खा स्नायू आखूड होतो हे खरं, बरं. पण आतले हे जाड-पातळ तंतू तसूभरही आखूड होत नाहीत. १९५४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या जोड्यांनी हे मांडलं. दोन्हींत हक्सले आडनावाचा एकेक जण, आणि दोघांचं नातं काहीच नाही! माझ्या मुलांना सिद्धांतापेक्षा ही गंमतच जास्त लक्षात राहते.

सरकवतं कोण? मायोसिनला छोटी डोकी असतात, एका जाड तंतूवर सुमारे सहाशे. मज्जातंतूचा निरोप आला की पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं, अ‍ॅक्टिनवरचा अडसर बाजूला होतो, डोकं अ‍ॅक्टिनला चिकटतं आणि वाकतं. ओढ किती, तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी, त्याहूनही कमीच. मग सोडायचं, पुढे धरायचं, पुन्हा ओढायचं.

आणि माझा सगळा राग या "सोडायचं" शब्दापाशी अडकलाय. चिकटलेलं डोकं आपोआप सुटत नाही. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक कण येऊन त्यावर बसावा लागतो, तेव्हा पकड सुटते. तोच कण फुटून मग डोक्याला पुढच्या ओढीसाठी ताणून ठेवतो. कॅल्शियम परत पिशवीत भरायलाही एटीपीच लागतो. साठा मोजून काही सेकंदांचा, म्हणून पेशी तो सारखा बनवत राहते. माणूस जिवंत आहे तोवर.

गेला, की थांबतं. अडसर हटलेला, डोकी चिकटलेली, आणि सोडायला एटीपी नाही. काही तासांत अंग ताठ होतं. हात सैल पडला की बोटं अर्धवट वळलेलीच असतात, स्वतःचा हात मांडीवर टाकून बघा. तशीच ती घट्ट होतात. साधारण दीड-दोन दिवसांनी प्रथिनंच मोडायला लागतात आणि अंग पुन्हा सैल पडतं. यात कुठे आलं मन? कुठे आली इच्छा? ती मूठ कुणी आवळलेली नव्हती. ती सोडायला कुणी उरलं नव्हतं.

दरवर्षी फळ्यावर हे काढते. परीक्षेत हमखास विचारते. आणि घरात अकरा वर्षं एक बाई त्याच मुठीशी झगडतेय, तिला सांगितलं नाही! का? तर वडिलांच्या हाताबद्दल असं बोलणं कोरडं वाटेल म्हणून. त्या बाईंवर काय चिडायचं मी. त्यांना निदान माहीत नव्हतं.

विज्ञानाने दुःख कमी होतं का, असं कुणीतरी खाली लिहीलच. नाही होत. मान्य. आत्याही प्रेमानेच बोलली होती, तेही मान्य. तिचा भाऊ गेला होता, हातात हात घ्यायला गेली तर हात तिला धरेना. काहीतरी बोलायला हवंच होतं तिला.

मघाशी स्वयंपाकघरात आईची बोटं माझ्या बोटांत अडकवली आणि वर्गात सांगते तसंच सगळं सांगितलं. सरकणं, चिकटणं, सुटणं. मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मग ते पांघरूण?"

म्हटलं, "झोपेतच ओढून घेतलं असेल गं. थंडीचे दिवस होते."

"हो," म्हणाली, "पहाटे गार लागायचं त्यांना."

आत्या, तू हे वाचशीलच. रागावू नकोस. आईला एक फोन कर.