‘लांब आणि कडक तेच खरे’ : फिन्सविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळीच्या सुट्टीत मालवण, तारकर्ली किंवा अंदमान गाठण्याचे बेत ठरू लागले की आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्कूबाविषयीचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याविषयीचे, सल्लेही येऊ लागतात. यंदा एकच संदेश मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला. त्याचा सारांश असा : खरा डायव्हर लांब आणि कडक पात्याचेच फिन (पोहताना पाणी ढकलण्यासाठी पायात घालायचे वल्ह्यासारखे साधन) वापरतो, कारण त्यामुळे वेग वाढतो आणि हवा वाचते, सर्वांत भरवशाचे म्हणजे जड रबरी फिन, कारण लष्करी पाणबुडे तेच वापरतात, टाचेसकट पाय झाकणारे फुल-फुट फिन हे पर्यटकांचे खेळणे आहे, गुडघे दुखत असतील तर दुभंगलेल्या पात्याचे फिन घ्यावेत, आणि माप म्हणाल तर बुटापेक्षा एक नंबर मोठे मागवावे. या पाचही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे आणि त्यामुळेच ती निमूटपणे पुढे पाठवली जातात.

पहिले विधान सर्वांत पटणारे आणि सर्वांत खर्चात पाडणारे आहे. फिनकडे इंजिन म्हणून पाहण्याचा मोह होतो. त्याची तुलना खरे तर सायकलच्या गिअरशी करायला हवी. सकाळी येऊरचा चढ सायकलने चढणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही की सर्वांत जड गिअर टाकल्याने सायकल भराभर वर जात नाही, फक्त मांड्या भरून येतात. लांब आणि कडक पाते म्हणजे हाच जड गिअर. त्याने प्रत्येक लाथेला जास्त पाणी मागे ढकलले जाते हे खरे, परंतु ढकलण्याचे काम पोटरीला आणि मांडीलाच करावे लागते आणि त्या स्नायूंना लागणारा प्राणवायू पाठीवरच्या सिलिंडरमधूनच येतो.

वेगाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. पाण्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती लागते आणि केवळ १० टक्क्यांनी वाढवायचा तरी सुमारे ३३ टक्के जास्त. सिलिंडर, हवेचे जाकीट आणि लोंबणाऱ्या नळ्या असा सगळा संसार अंगावर बाळगणाऱ्या माणसाने वेगाच्या मागे लागणे म्हणजे हवा फुकट घालवणेच होय. समजा, पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागणारा डायव्हर १८ मीटर खोलीवर आहे. तिथे दाब सुमारे २.८ पट असल्यामुळे त्याला पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला ४२ लिटर हवा लागते. ११.१ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेला असेल आणि त्यातले ५० बार राखून ठेवले, तर सुमारे १,६६५ लिटर हवा वापरता येते. ती जवळजवळ ४० मिनिटे पुरते. कडक पात्याशी झटापट करताना पृष्ठभागावरचा आकडा १५ वरून २० वर गेला, तर तीच हवा ३० मिनिटांत संपते. ‘हवा वाचते’ हे विधान इथेच कोसळते.

या गैरसमजाचे मूळ बहुधा एका श्वासात खोल जाणाऱ्या फ्रीडायव्हरांच्या चित्रफितींत असावे. त्यांचे पाते हातभर लांब असते हे खरे, पण त्यांच्या पाठीवर काही नसते, शरीर बाणासारखे सरळ असते आणि लाथा मोजक्या, संथ व कमरेपासून मारलेल्या असतात. त्यांच्या गरजेचे साधन आपल्या पायात चढवल्याने आपण त्यांच्यासारखे पोहू लागत नाही.

मी स्वतः याच सल्ल्याला बळी पडलो होतो, हे प्रांजळपणे नोंदवतो. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी नव्याकोऱ्या कडक फिन्सनी उतरलो आणि वीस मिनिटांच्या आत डाव्या पोटरीत असा गोळा आला की मला पाय हलवता येईना. माझ्या जोडीदाराने फिनचे टोक धरून माझ्या नडगीच्या दिशेने हळूहळू दाबून धरले, पोटरी ताणली गेली आणि गोळा उतरला. पण ती डुबकी तिथेच संपली. दोष फिनचा नव्हता. वर्षभर लोकलने ठाणे ते फोर्ट बसून जाणाऱ्या पायांना तो गिअर झेपत नव्हता, इतकेच.

कडक पात्याचे एक श्रेय मात्र द्यायलाच हवे. जोराच्या प्रवाहात चार ताकदीच्या लाथा मारून खडकाआड जायचे असेल, किंवा बेडकासारखी फ्रॉग किक, जागच्या जागी वळणे आणि मागे सरकणे या हालचाली अचूक करायच्या असतील, तर मध्यम ते कडक आणि आखूड, रुंद पाते उत्तम साथ देते. यातला ‘आखूड’ हा शब्द संदेशात नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे. मालवणच्या समुद्रात तळाशी वाळू आणि गाळ असतो; तिथे लांब पात्यांनी वर-खाली लाथा मारणारा एक माणूस मागून येणाऱ्या चौघांची दृश्यता घालवू शकतो. प्रवाळाजवळ तेच पाते कुठे आपटते हे मारणाऱ्याला दिसतही नाही.

आता रबरी फिन्सकडे वळू. झरोके असलेल्या या आखूड, जाड फिन्सची रचना १९६० च्या दशकात फ्रान्समधील ब्यूशा कंपनीने पुढे आणली आणि ती आजही टिकून आहे, याचे कारण तिचा चिवटपणा. परंतु लष्करी पाणबुड्याच्या अंगावर पुष्कळ सामान असते आणि थंड पाण्यात ड्रायसूट (अंग कोरडे ठेवणारा, आत हवा असलेला पोशाख) घालणाऱ्याच्या पायांकडे हवा साचून पाय वर तरंगू लागतात. त्या दोघांना असे वजनदार फिन उपयोगी पडतात. आपल्याकडच्या कोमट समुद्रात पातळ वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) किंवा नुसता रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा कापडी सदरा) घालून उतरणाऱ्याला ते वजन नको असते. त्याचे पाय खाली जातात, शरीर आडवे राहण्याऐवजी तिरपे होते, पाणी अडवणारा अंगाचा भाग वाढतो आणि पुन्हा तोच हवेचा हिशेब सुरू होतो. शिवाय अशा एका जोडीचे वजन अडीच किलोच्या आसपास, मोठ्या मापात त्याहूनही अधिक भरते. अंदमानच्या विमानात सहसा मिळणाऱ्या १५ किलो सामानातले एवढे वजन पायातल्या रबराला द्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फुल-फुट फिन्सना खेळणे म्हणणे तर सरळसरळ चुकीचे आहे. होडीतून पाण्यात उडी आणि शिडीने पुन्हा होडीत, अशी डुबकी असेल तर ते हलके, स्वस्त आणि पायाला घट्ट बसणारे साधन आहे; बूट वेगळे घ्यावे लागत नाहीत. किनाऱ्यावरून खडकाळ किंवा प्रवाळाच्या तुकड्यांवरून चालत पाण्यात शिरायचे असेल, तेव्हा मात्र निओप्रीनचे (मऊ कृत्रिम रबराचे) बूट आणि टाचेला पट्टा असलेले ओपन-हील फिन हवेतच. निवड इथे डायव्हर किती ‘खरा’ आहे यावरून होत नाही, तो पाण्यात कुठून शिरतो यावरून होते. (ओपन-हील घेणाऱ्यांनी रबरी पट्ट्यांऐवजी स्प्रिंगचे पट्टे बसवून घ्यावेत, ऐन वेळी तुटतो तो रबरी पट्टाच.)

दुभंगलेल्या पात्याविषयीचे विधान अर्धे बरोबर आहे. वर-खाली लाथ मारताना त्याचा अवरोध कमी लागतो, त्यामुळे गुडघ्यावर आणि घोट्यावर ताण कमी येतो. फ्रॉग किक आणि मागे सरकणे मात्र त्याने नीट जमत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर फ्रॉग किक स्वतःच त्रास वाढवू शकते, आणि अशा व्यक्तीने दुभंगलेले पाते घेणे सयुक्तिक आहे. पण पुष्कळांचे गुडघे दुखतात ते सायकल चालवल्यासारख्या, गुडघ्यातून मारलेल्या लाथांमुळे, आणि ती सवय कोणतेही पाते मोडू शकत नाही.

मापाचा सल्ला हा पाचांतला सर्वांत घातक आहे. सैल फिनमध्ये टाच उचलली जाते, पाय आत घसरतो, बोटे आपोआप आवळली जातात आणि तळव्यात पेटके येतात. घासून फोड येतात ते वेगळेच. घट्ट फिनमध्ये बोटे बधिर होतात. फिनवरचे माप बहुधा ४०-४१ असे जोडीने किंवा अक्षरांत असते आणि ते प्रत्येक कंपनीत वेगळे बसते, त्यामुळे बुटाचा नंबर हा फक्त सुरुवातीचा अंदाज ठरतो. पाय संध्याकाळी थोडा सुजलेला असतो, तेव्हाच फिन घालून पाहावेत. फुल-फुट अनवाणी पायावर आणि ओपन-हील ज्या बुटांसह वापरायचे त्याच बुटांसह घालावेत. मग खुर्चीत बसून पाय उचलावा आणि जोरात हलवावा. फिन निघत नसेल, बोटे दुमडत नसतील आणि पाच-दहा मिनिटांनी पावलावर कुठे लाल वळ उठत नसेल, तर माप जुळले असे समजायला हरकत नाही.

आमच्या सोसायटीतील मंडळींसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. मालवणला एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून होणारी ओळखीची डुबकी घेणार असाल, तर फिन विकत घेण्याची गरजच नाही. लागलेच तर तिथे मिळतात. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करणार असाल, तर आधी प्रशिक्षण केंद्राचे दोन-तीन प्रकारचे फिन घालून पाहा आणि मग खरेदीला जा. ज्यांनी संदेश वाचून आधीच मागणी नोंदवली आहे, त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी फाडण्यापूर्वी वर सांगितलेली खुर्चीची परीक्षा करावी. माझी नेत्राणीची कडक जोडी, माप ४२-४३, कपाटावर तशीच पडून आहे. कोणाला घालून पाहायची असेल तर खुशाल न्यावी, परत करण्याची घाई नाही.