आधी दुखतं हे मान्य करा

कर्नाटक सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची भरपगारी रजा मंजूर केली आणि नागपूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. दादा म्हणतो, महाराष्ट्रात हे आलं तर खासगी कंपन्या मुलींना घेणारच नाहीत. मावशी म्हणते, "आमच्या टाइमले कोण देत होतं रजा? आम्ही नाही का केल्या नोकऱ्या?" काकांनी तर कहर केला. पूर्वीच्या बायका तीन दिवस बाजूला बसायच्या, म्हणजे रजाच होती ना बाप्पा, आपल्या लोकांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं! मी इंग्लंडमधल्या लीड्सहून थोडं लिहिलं तर लगेच उत्तर आलं, "तू तिकडे बसून आहेस, तुला इथलं काय माहीत?"

मला तिथलं माहीत आहे. एंडोमेट्रिओसिस मी नागपूरहूनच सोबत आणलं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर, कुठेही. महिन्याच्या हार्मोन्सनी तेही सुजतं, आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. बीजकोशात जुनं रक्त साचून गाठ झाली की तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे दहा टक्के, म्हणजे जगातल्या 19 कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. दुखणं फक्त पाळीत होतं असंही नाही. शौचाला बसताना, लघवी करताना, संबंधाच्या वेळी दुखतं, आणि थकवा तर महिनाभर. आत थोडंच पसरलेलं असून असह्य दुखू शकतं आणि पुष्कळ पसरूनही काही जणींना फारसं जाणवत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही.

आता मावशीचं वाक्य पुन्हा वाचा. तिला दुखलं, तिने सहन केलं, म्हणून सगळ्यांनी करावं. या एका समजुतीपायी मुलींची वर्षंच्या वर्षं जातात. मी बाकावर डोकं टेकून बसले की शाळेत मला सांगत, सगळ्यांनाच होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आईला सांगितलं, लग्न करून द्या, होऊन जाते बरोबर. पुढे त्याचंच झालं, एक मूल होऊ द्या. गरोदरपणात काही जणींना तात्पुरता आराम पडतो, पण बाळंतपण हा या आजारावरचा इलाज नाही. गर्भाशय काढणं हीसुद्धा खात्री नाही, कारण आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो. तरी या दोन्ही गोष्टी आजही बायकांना इलाज म्हणून सांगितल्या जातात, आणि त्याने माझा संताप होतो.

काकांच्या रजेबद्दल तर लिहिलंच पाहिजे. नागपूरच्या महाल भागातल्या घरात कावळा शिवला की आजी मागच्या पडवीत बसायची. ताट वेगळं, पाणी वरून. तिथे बसून ती सबंध घराचे तांदूळ निवडायची, गोधड्या शिवायची, मेच्या उन्हाळ्यात, पंख्याशिवाय. विटाळ होता म्हणून बसवलं होतं, दुखत होतं म्हणून नाही. तिला कुठे दुखतं हे त्या घरात कोणी विचारल्याचं आईलाही आठवत नाही. याला रजा म्हणणाऱ्याने एकदा तसं बसून बघावं.

दादाच्या मुद्द्यात मात्र दम आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2024 मध्ये हीच भीती बोलून दाखवली होती, की सक्तीच्या रजेने बायका नोकरीबाहेर ढकलल्या जातील. पण बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस मिळतात, आणि तिथल्या कचेऱ्यांतून बायका नाहीशा झालेल्या नाहीत. स्पेनने 2023 मध्ये कायदा केला, त्यात डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. मला ते पटतं. पण प्रमाणपत्र मिळायला आधी निदान हवं, आणि आपल्या मुली तिथेच अडतात.

इथे इंग्लंडात पाळीची वेगळी रजा नाहीच. सात दिवसांपर्यंत आजारी असल्याचं मी स्वतःच लिहून देते, पुढे जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, फिट नोट. माझा मॅनेजर माझ्याहून लहान मुलगा आहे. आज एंडोमुळे बसवत नाही असं मी त्याला सरळ सांगते, आणि तो कॅमेरा बंद ठेव म्हणतो. एवढं साधं बोलणं मला नागपूरच्या ऑफिसात कधी जमलं नसतं.

एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिलेली नाही, कारण लगेच सगळे "बघ" म्हणाले असते. माझी गाठ पहिल्यांदा सापडली ती नागपूरच्या रामदासपेठेत. सकाळी सोनोग्राफी, संध्याकाळी हातात रिपोर्ट. इथे जीपीच्या अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला फोन लावत बसायचं, मग रेफरल, मग पत्राची वाट. एंडोमेट्रिओसिस यूके या संस्थेनेच 2024 मध्ये सांगितलं की इथे निदानाला सरासरी आठ वर्षं दहा महिने लागतात. रामदासपेठेत काउंटरवरच्या बाईंनी मात्र सगळ्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं होतं, लग्न झालं का, मूलबाळ किती.

डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीने माझं बरंच निभावतं. ती रोज घ्यावी लागते. तरी अधूनमधून जुन्यासारखं दुखतं, आणि तेव्हा मला नागपूरच हवं असतं. तिथे माझ्या दुखण्यावर कोणाचा विश्वास नव्हता, पण एकटं कोणी पडू दिलं नाही. आई ओव्याचं पाणी घेऊन यायची, शेकायची पिशवी गार झाली की न सांगता बदलायची. इथे सगळे विश्वास ठेवतात, आणि दार लावून मी एकटी पडून असते. मी कुठली, हे मला त्या दिवसांत नेमकं कळतं. म्हणून "तुला इथलं काय माहीत" हे इतकं लागलं.

दादाची मुलगी अकरावीला आहे. दर महिन्याला तिचे क्लास बुडतात, उलट्या होतात, मेफ्टाल घेऊन पडून राहते. कंपन्यांची काळजी करणाऱ्या दादाने हे फक्त "आज तब्येत बरी नाही" एवढंच कळवलं आहे. मी वहिनीशी वेगळी बोलले. डिसेंबरात मी येतेय तेव्हा तिला डॉक्टरांकडे घेऊन जाईन. तोवर कधी दुखतं, कुठे दुखतं, किती दिवस, कोणती गोळी घेतली, क्लास किती बुडाले, हे सगळं वहीत लिहून ठेवायला भाचीला सांगितलंय, म्हणजे डॉक्टरांपुढे तिला नुसतं "खूप दुखतं" म्हणून गप्प बसावं लागणार नाही. दादा चिडला तर चिडू दे.