‘छोट्या बांधाला काय होतंय?’

मामांनी काल फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: फार्महाऊसच्या नाल्यावर मातीचा बांध घाला, स्वतःचा ‘लेक’ करा. परवानगी नको, छोटा बांध फुटत नाही, आणि फुटलाच तर निसर्गाचा कोप, मालकाला कोण विचारतो! खाली मामांचा प्रश्न: मुळशीकडचा प्लॉट बघितलाय, जेसीबीवाला सहा मीटरचा बांध घालून देतो म्हणतो, हो म्हणू का? मामा, जरा थांबा.

‘छोटा बांध फुटत नाही’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. अमेरिकेत जॉर्जियातल्या टोकोआला एका बायबल कॉलेजच्या मालकीचा केली बार्न्स नावाचा मातीचा बांध होता. पूर्वी त्यावर वीज करायचे, 1957 नंतर तळं नुसतं मौजेपुरतं उरलं. उंची साडेअकरा मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आतच. 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्रीनंतर भर पावसात तो फुटला. खाली कॉलेजच्या वस्तीत झोपलेली 39 माणसं गेली, त्यात निम्मी लेकरं. एकच एक कारण चौकशीत ठामपणे सांगता आलं नाही; पण 1973 च्या फोटोतच बांधाचा खालचा उतार ढासळलेला दिसत होता.

आता हाच बांध आपल्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याला लावून बघा. त्यात सरसकट येतात ती पंधरा मीटरवरची धरणं. दहा ते पंधरा मीटरमध्ये लांबी किमान 500 मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर, अशी एखादी अट पुरी व्हावी लागते. केली बार्न्स फुटला तेव्हा त्यात पावणेआठ लाखांच्या आसपास घनमीटर पाणी होतं. म्हणजे 39 जीव घेणारा बांध आपल्याकडे ना लांबीत बसत, ना साठ्यात. सहा मीटरवाल्याकडे तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. फॉरवर्डवाले यालाच ‘सुरक्षित’ म्हणतायत.

फॉरवर्डमध्ये पुढे आहे, ‘बांधावर झाडं लावा, मुळं माती धरतात.’ झाड मेलं की मूळ कुजतं, पोकळी राहते, आणि पाझर त्या वाटेने भरावातली माती घेऊन बाहेर पडतो. गवत लावा. 2019 ला तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना आरोपी केलं होतं. बिळं वाईट हे खरंच, पण ती बघून बुजवायची कुणी?

‘मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी.’ सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्कच्या धरणावर श्रीमंतांच्या मासेमारी क्लबने हेच केलं होतं, वर बग्गी जावी म्हणून माथाही खाली घेतला. तळातले निचऱ्याचे पाइप आधीच्या मालकाने काढून नेलेले, ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 ला जाळ्यांत काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, आणि खाली जॉन्सटाऊनमध्ये 2,209 माणसं मेली. क्लबकडून कुणाला भरपाई मिळाली नाही.

‘नाला सातबाऱ्यात, म्हणजे पाणी आपलं.’ खोदलेल्या शेततळ्याची गोष्ट वेगळी, त्याला सरकार अनुदानही देतं. पण वाहता नाला अडवणं म्हणजे शेततळं नव्हे. जमीन महसूल संहितेचं कलम 20 वाचा, नाले आणि वाहतं पाणी सरकारचं.

आता ‘निसर्गाचा कोप’. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. 1876 मध्ये इंग्लंडात ओढा अडवून केलेली शोभेची तळी फुटली, चार पूल वाहून गेले आणि मालकीणबाई सुटल्या, कारण तसा पाऊस कुणाच्या आठवणीत नव्हता. पण त्याआधीच, 1868 मध्ये, तिथल्याच रायलंड्सच्या खटल्यात ठरलं होतं की आपल्या जमिनीत साठवलेलं पाणी सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर हलगर्जीपणा सिद्ध न होताही मालक जबाबदार. आपली कोर्टंही हे तत्त्व मानतात. मुळशीत जुलैमध्ये धो धो पाऊस पडेल हे ठाऊक नव्हतं, असं मामा कोर्टात सांगणार का?

आणि मालक तरी कोण? प्लॉट विकून डेव्हलपर मोकळा होतो, बांध उरतो सोसायटीच्या गळ्यात. तेव्हा त्या गटाचा सातबारा मागवा, सांडवा दाखवायला सांगा, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला किती घरं आहेत ते स्वतः चालत जाऊन बघा. जेसीबीवाल्याला तोवर काही सांगू नका.